पाठवणाऱ्याचं नाव

“...पण खोटं आहे हे आधी कसं ओळखायचं, भन्ते?”

“आधी म्हणजे कशाच्या आधी?”

“मेलमधल्या लिंकवर बोट पडायच्या आधी.”

भन्ते सुमनकीर्ती विहाराच्या ओट्यावर चीवराचा उसवलेला काठ शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

समोर बसलेली संघमित्रा गजभिये शहरातल्या एका रक्तपेढीत संगणक विभागाची प्रमुख होती. फसव्या मेलपासून सावध कसं राहायचं, हे तिथल्या सगळ्यांना तीच शिकवायची. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. मेल घाई करत असेल तर संशय घ्या. त्यातल्या लिंकवरून कुठेही आत जाऊ नका. शंका आली तर आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा.

शिकवायची चांगलं. चुकणाऱ्याची गय मात्र करायची नाही.

आज दुपारी हातातलं काम टाकून ती स्कूटरवरून थेट तलावाकाठच्या या विहारात आली होती. कॉलेजात असल्यापासून ती भन्त्यांकडे ध्यान शिकायला यायची. आज तिचं वंदन करायचंही राहून गेलं होतं.

“काय झालं ते सांग.”

“मेल आला. निनादच्या वसतिगृहाकडून... म्हणजे मला तसं वाटलं. तुमच्या मुलाला अपघात झाला आहे, रुग्णालयात हलवलं आहे, माहितीसाठी इथे साइन इन करा.”

“मग?”

“केलं. मेल ऑफिसच्या पत्त्यावर आला होता, म्हणून ऑफिसचाच पासवर्ड टाकला. पान कोरं झालं... मग निनादला फोन लावला.”

“कसा आहे तो?”

“जेवत होता. ‘आई, भात गार होतोय,’ म्हणाला.”

ती हसायला गेली. हसू आलं नाही.

“मग मी पत्ता वाचला, भन्ते. वसतिगृहाच्या नावात एक अक्षर जास्त होतं. इतकी वर्षं श्वास बघतेय मी... आणि एका ओळीत सगळं गेलं.”

“आईचा श्वास आहे. अडकणारच.”

“पण मला कळायला हवं होतं!”

भन्त्यांनी दोरा दाताने तोडला.

“ऑफिसात सांगितलंस?”

संघमित्रा तलावाकडे बघत राहिली.

“सांगितलंस?”

“...नाही.”

“का?”

“गेल्या महिन्यात आमचे तितरमारे असेच फसले होते. रक्ताच्या पिशव्यांची आवक-जावक बघतात ते. मी त्यांना भर बैठकीत उभं केलं. तो खोटा पत्ता मोठ्याने वाचायला लावला. पुन्हा वाचा म्हटलं. सगळे हसले...”

“तूही?”

“सगळ्यात आधी मीच.”

तिचा मोबाइल ओट्यावर पालथा पडला होता. तो थरथरला. तिने पाहिलं नाही.

“थोडा वेळ द्या मला, भन्ते. पासवर्ड आता बदलते. कदाचित त्यांनी अजून काही केलंही नसेल. कदाचित कुणाला कळणारही नाही...”

मोबाइल पुन्हा थरथरला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

“दार त्यांनी फसवून उघडवलं,” भन्ते म्हणाले. “ते उघडं कोण ठेवतंय?”

मोबाइल थरथरतच होता.

भन्त्यांनी सुई कापडात खोवली. हात लांबवून मोबाइल उताणा केला आणि तिच्याकडे सरकवला.

तितरमारेंचा फोन होता.

“मॅडम... रागावणार नाही ना?”

“बोला.”

“तुमचा मेल आलाय. सगळ्यांनाच. रक्तसाठ्याची नवी फाइल आहे, लगेच उघडा, असं लिहिलंय. पत्ता तुमचाच आहे. अक्षर अक्षर वाचला मी, दोनदा वाचला. बरोबर आहे. तरी पण... म्हटलं विचारावं. उघडू का?”



“उघडू नका. आणखी कुणी उघडली?”

“काउंटरवर करुणाबाईंनी. त्यांचा संगणक अडकलाय. माउससुद्धा हलत नाही.”

“मला विचारलं का नाही त्यांनी?”

फोनवर मागे कुणीतरी पिशवीचा रक्तगट विचारत होतं.

“तुमचं नाव होतं ना, मॅडम. तुम्हाला कोण विचारणार?”

संघमित्राने डोळे मिटले. भन्ते तिच्याकडे बघत नव्हते.

“तितरमारे... तो मेल मी पाठवलेला नाही. माझा पासवर्ड चोरीला गेलाय. दुपारी. मी फसले.”

“...काय म्हणता?”

“करुणाबाईंच्या संगणकाची नेटवर्कची तार आत्ता ओढून काढा. तो मेल उघडू नका म्हणून प्रत्येक खोलीत जाऊन सांगा. मी निघालेच. संचालकांना... त्यांना मी सांगते.”

“बरं, मॅडम.” मग जरा थांबून, “गाडी सावकाश चालवा.”

ती उठली. हेल्मेट उलटं घालू लागली, मग सरळ केलं. तिने वंदन केलं तेव्हा भन्ते नुसतं “जा” म्हणाले.

पौर्णिमेला ती पुन्हा आली.

करुणाबाईंच्या संगणकातलं काही उरलं नव्हतं. बाकीचे संगणक बचावले होते. सगळी यंत्रणा बंद करून तपासावी लागली. तोवर रक्ताच्या पिशव्या हाताने लिहून दिल्या गेल्या. एकजण चिठ्ठी मोठ्याने वाचायचा, दुसरा पुन्हा वाचायचा, मगच पिशवी हलायची. चुकीची पिशवी कुणाला गेली तर काय, या धास्तीने संघमित्रा काउंटरपासून हलली नव्हती. तशी एकही पिशवी गेली नाही.

घरच्या मेललाही तिचा तोच पासवर्ड होता. तो बदलताना बोटं दोनदा चुकली.

“मग बैठक घेतली,” तिने सांगितलं. “निनादच्या अपघाताचा मेल मीच सगळ्यांसमोर वाचला. पत्त्यासकट.”

“कुणी हसलं?”

“नाही... हसले असते तर बरं झालं असतं. ‘अपघात’ या शब्दापाशी माझा आवाज अजूनही अडकतो.”

तिने मांडीवरचं हेल्मेट ओट्यावर ठेवलं.

“तितरमारेंची माफी मागितली. ते म्हणाले, तुमची भीती वाटत होती म्हणूनच हातात फोन धरून कितीतरी वेळ उभा होतो. लावू की नको, लावू की नको...”

तलावावरून वारा आला.

“भन्ते, आता खऱ्या मेलचीही धडकी भरते. निनादचा साधा निरोप आला तरी आधी छातीत धस्स होतं. पुन्हा शिकवायचं आहे मला, सोमवारी. काय शिकवू? पत्त्यावर विश्वास ठेवा म्हणावं, तर त्या दिवशी पत्ता माझाच होता. नावावर म्हणावं, तर नावही माझंच... मग लोकांनी विश्वास ठेवायचा तरी कशावर?”



भन्ते म्हणाले, “ज्याला उलटून विचारता येतं, त्याच्यावर.”