जिभेला लावलेला साबण

"मोठीच्या हाताला यश आहे हो. धाकटी नुसती बघत बसते."

सासूबाईंचं हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. कुडाच्या भिंतीपलीकडे मी खोबरं वाळत घालत होते, म्हणून कानावर पडलं.

"बघते ना?" काशीमावशी म्हणाल्या. "मग पाठव माझ्याकडे."

काशीमावशींचा खोबरेल तेलाचा घाणा. देवीच्या उत्सवात पाहुण्यांना हातपाय धुवायला साबण त्याच तेलाचा, त्यांच्या हातचाच जायचा. यंदा त्यांचे हात थरथरत होते. माझ्या थोरल्या जाऊबाई, कुंदावहिनी, त्यांच्याकडे सहा वर्षं साबण करायला शिकत होत्या. त्यांचाच साबण जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मावशी म्हणाल्या, "दोघी करा. जो चांगला उतरेल तो देवळात."

मी जन्मात साबण केला नव्हता. पण वहिनींना रोज बघत होते. सासूबाई हाक मारायच्या ती 'कुंदा'च. मी तिथेच उभी असले तरी 'कुंदा'.

कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यात नाही. निवलं की तेलात धार धरायची आणि घोटत राहायचं. वहिनी गुणगुणत घोटत होत्या. माझा हात भरून आला.

त्यांच्याआधी माझा घट्ट व्हावा म्हणून मी दोन चमचे सोडा जास्त घातला. कुणी पाहिलं नाही.

माझा खरंच आधी घट्ट झाला. दोन दिवस मी फार गोड वागले सगळ्यांशी.

वड्या दीड महिना फळीवर सुकल्या. मग मावशींनी आम्हाला बोलावलं. सासूबाईही आल्या.

साबण जिभेच्या टोकाला लावून पाहायचा, ही मावशींची रीत. सोडा शिल्लक असला तर जीभ चावते.

"एकमेकींचा बघा," मावशी म्हणाल्या.

वहिनींनी माझ्या वडीला जीभ लावली आणि खांदे उडाले.

"थोडा... थोडाच चावतो गो," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "पहिल्या खेपेला माझा तर याहून चावला होता."

तेही मला सहन झालं नाही.

मग त्यांची वडी माझ्या हातात आली. गुळगुळीत, दुधाळ. जिभेला लावली.

नुसती साबणाची चव. बाकी काही नाही.

"काय?" मावशींनी विचारलं.

"चावतो," मी म्हटलं.

...

मला वाटलं, वहिनी वडी हिसकावून स्वतः बघतील. त्यांनी फळीवरच्या वड्या परातीत काढायला घेतल्या.

"काय करतेस?" सासूबाई दचकल्या.

"पुन्हा कढवते. धाकटीची जीभ चांगली आहे, आई. माझी पान खाऊन अर्धी मेलीय. ती म्हणतेय म्हणजे चावतच असणार."

"आणि उत्सव?"

"परवा आहे. नाही होणार यंदा."

मावशी उठल्या. परातीतली एक वडी उचलून रांजणापाशी गेल्या. तोंडावर पाणी मारलं, फेस केला, आणि डोळ्यांसकट सगळा चेहरा चोळला.

"अहो मावशी, डोळे जातील!" वहिनी ओरडल्या.

मावशींनी सावकाश तोंड धुतलं. पदराने पुसलं. डोळे स्वच्छ होते.

"ती चावतो म्हणाली ना?" वहिनींना काही उमगेना.

"म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. चावलेली बाई अशी शांत उभी राहत नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. वहिनी मात्र नाही. त्या परातीकडेच बघत होत्या, जणू चूक अजूनही तिथेच सापडेल.

मावशींनी ओली वडी माझ्या तळहातावर ठेवली.

"बोल," त्या म्हणाल्या. "आता मी काही विचारणार नाही."

...

"वहिनी," मी म्हटलं, "साबण चावत नाही. इतका चांगला झालाय की... वाटलं, तो मी केलेला असायला हवा होता."