धुरातले वैराग्य

एकदा एका मठातल्या स्वयंपाक्याच्या तोंडाची चव गेली आणि त्याला वाटले, आपण विरक्त झालो.

गदाधर त्याचे नाव. शास्त्र शिकायला म्हणून तो मठात आला होता आणि हाताला चव आहे हे कळताच पाकशाळेत अडकला होता. विद्या संपादून घरी परतायचे, असे ठरलेले होते. शेजारच्या गावातल्या मुलीशी त्याचा साखरपुडाही झाला होता. त्या दिवशी तिने वाढलेले थालीपीठ आणि वरचा लोण्याचा गोळा आठवला की ऐन जपात त्याचे मणी चुकत.

पाकशाळा डोंगराला टेकून बांधलेली होती. तिला एकच झरोका होता आणि त्यातून माकडे येऊन भाकरी पळवीत. कंटाळून गदाधराने तो दगडमातीने बुजवून टाकला. माकडे यायची थांबली, पण धूरही आतच कोंडू लागला. ओल्या लाकडांच्या चुलीपुढे तो सकाळ-संध्याकाळ डोळे चोळत बसे. हळूहळू आमटी काय अन् खीर काय, त्याला सारे सारखेच लागू लागले. आधी मीठ कमी वाटले म्हणून त्याने चिमूटभर वाढवले, मग मूठभर. त्याच हाताने त्याने वर्षाचे लिंबाचे लोणचेही घालून ठेवले. ज्याने जीभ जिंकली त्याने सारे जिंकले, हे प्रवचनात त्याने कितीदा तरी ऐकले होते. आपल्या बाबतीत ते घडून गेले, अशी त्याची खात्रीच पटली.

मठाचा एक जुना नियम होता, अन्नाला नावे ठेवायची नाहीत. त्यामुळे पंगतीत कोणी चकार शब्द काढीत नसे. थोरले स्वामी मात्र हल्ली जेवताना तांब्याभर पाणी संपवून दुसरा तांब्या मागवीत. शिष्यांना वाटले, ही काहीतरी योगक्रिया असावी. दोघे-तिघे तसे करूही लागले होते.

अखेर एके दिवशी गदाधर स्वामींपुढे हात जोडून उभा राहिला. रसना शांत झाली आहे, आता संन्यासदीक्षा द्यावी, अशी त्याने विनंती केली. मठाला मीठ-गूळ पुरवणारा व्यापारी अंगणात गोणी उतरवत होता आणि तो गदाधराच्याच गावावरून पुढे जात असे. लग्न मोडल्याचा निरोप याच्याबरोबर धाडतो, असेही गदाधर म्हणाला. खरे सांगायचे तर त्याला संन्यास नको होता. पण देवानेच खूण पाठवली असेल तर तिला पाठ कशी दाखवावी, या विचाराने तो पुरता कात्रीत सापडला होता.

स्वामींनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. व्यापाऱ्याला त्यांनी सांगितले की निरोप पुढच्या फेरीला मिळेल. गदाधराला त्यांनी मठाच्या जोंधळ्याच्या शेतात पाखरे राखायला धाडले. तिथे माळ्यावरच राहायचे, विस्तवाजवळ फिरकायचे नाही, जेवण तिथेच येईल, अशी आज्ञा झाली. चुलीपुढे स्वतः स्वामी बसणार होते. सारा मठ चक्रावला.

दीक्षेपूर्वीची ही तपश्चर्या असावी, असे समजून गदाधर गोफण फिरवीत राहिला. सुरुवातीचे दिवस जेवण तसेच मातीसारखे लागले. पण रानातल्या वाऱ्याने त्याचा खोकला कमी झाला, डोळ्यांची लाली उतरली. मग एका दुपारी, शिदोरी अजून बांधावरच होती, तोच त्याला भाकरीचा खरपूस वास आला. त्याला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच त्याला लाज वाटली. आपले वैराग्य चळले, असे वाटून तो घाबरलाही.

त्या दिवशी शिदोरी घेऊन स्वामी स्वतः आले होते. त्यांनी भाकरीवर लोणच्याची फोड ठेवली. गदाधराने ती तोंडात घातली मात्र, त्याचे सारे तोंड वाकडे झाले.

“स्वामी, हे कुणी घातलंय? नुसतं मीठ आहे हे.”

“तूच घातलंस,” स्वामी शांतपणे म्हणाले.

स्वामी माळ्याच्या खांबाला टेकून बसले.

“गदाधरा, ज्याची जीभ शांत होते, त्याला पानात पडेल ते पुरतं. तू तर मुठी मुठी मीठ वाढवत होतास. चव जिंकलेला माणूस तिच्यामागे असा धावत नाही. तुझ्या नाकातोंडात धूर बसला होता, दुसरं काही नाही. बधिर झालेलं मन आणि शांत झालेलं मन वरून सारखंच दिसतं. म्हणून काही सोडून देण्याआधी, कुठे धूर कोंडलाय का, ते बघावं.”

“मग माझं वैराग्य?”

“ते माकडांच्या कृपेनं आलं होतं. वारा लागल्यावर गेलं.” स्वामी हसले. “संन्यास घ्यावासा वाटलाच कधी, तर थालीपीठ गोड लागत असताना घे. तेव्हा त्याला अर्थ असेल.”

थालिपिठाची गोष्ट त्याने अर्ध्या मठाला ऐकवली होती, त्यामुळे स्वामींना ती कशी कळली हे विचारण्यात अर्थ नव्हता. गदाधराचा जीव भांड्यात पडला. त्याला रडू आले आणि रडता रडता तो हसू लागला. त्या भरात ती खारट फोडही त्याने संपवून टाकली.

तो मठात परतला तेव्हा झरोका उघडलेला होता. माकडांसाठी स्वामींनी त्यावर बांबूच्या कामट्यांची जाळी बसवून घेतली होती. नियमातही भर पडली होती. अन्नाला नावे ठेवायची नाहीत, पण स्वयंपाक्याला जेवणानंतर खरे ते सांगायचे.

व्यापारी पुढच्या फेरीला आला तेव्हा गदाधराने धावतच त्याला गाठले आणि घरी मुहूर्त काढायला सांगा, असा निरोप दिला. मग त्याने आमटीला फोडणी दिली. धूर झरोक्यातून सरळ बाहेर निघून गेला. पंगत बसली, सगळे जेवले, पाने उचलली गेली. स्वामींच्या पानाशेजारचा तांब्या मात्र तसाच भरलेला होता.