कवडी कोंबडीच्या पाठीवरचा हात

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, कोंबड्यांना बोलता येत असे त्या काळातली ही हकिकत आहे. मुलांनो, आणि मुलांच्या आईवडिलांनो, कोंबड्या तेव्हा अगदी स्पष्ट बोलत. माणसे मात्र आजच्याइतकेच ऐकत. म्हणजे ऐकत नसत.

एका ओढ्याकाठी प्रभूला मानणाऱ्या लोकांचे लहानसे गाव होते. गावात प्रार्थनामंदिर होते, त्यावर घंटा होती, आणि घंटा झाली की हातातले काम टाकून गुडघे टेकावेत अशी शिस्त होती. त्या गावात सलोमी नावाची एक विधवा राहत असे. तिच्यापाशी शेत नव्हते, गाय नव्हती. कोंबड्या होत्या, आणि त्यांच्या जिवावर तिची चूल पेटत असे.

एका उन्हाळ्यात कोंबड्यांवर मरी आली आणि सलोमीचे खुराडे ओस पडले. उरली एकटी कवडी. अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून कवडी. वयाने पोक्त, स्वभावाने करडी. दाण्यांत खडा निघाला, तर ती तो चोचीत धरून सलोमीच्या पायाशी आणून ठेवी आणि तिच्याकडे नुसती पाहत राही.

ही कवडी त्या दिवसांत खुडूक झाली. पिसे फुलवून एका कोपऱ्यात बसली, ती उठेचना. पण पोटाखाली घ्यायला अंडे कुठे होते?

शेजारच्या रिबकाने हे पाहिले. तिच्या कोंबड्या मरीच्या वेळी भावाच्या वाडीवर होत्या, म्हणून वाचल्या होत्या. ती पदरात अंडी घेऊन आली.

"वहिनी, ही घ्या. कोंबडी तुमची, अंडी माझी, आणि पिले सगळी तुमची."

"अगं रिबका, पण मी..."

"पण नको नि बिण नको. कोंबडी तापली आहे तोवर बसवून टाका. ती काही तुमच्यासाठी थांबायची नाही."

"मी बसलेलीच आहे," कवडी म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

त्या गावात कोंबडी बसवण्याची एक रीत होती. पाटीत भुसा पसरायचा, भुशावर अंडी ठेवायची, अंड्यांवर कोंबडी. मग घरधनिणीने कोंबडीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, 'प्रभू, हे तुझ्या हाती.' गावच्या पाळकांची वृद्ध पत्नी, जिला सारे पाळकबाई म्हणत, शेजारी उभी असे. ती म्हणे, 'आता हात काढ.' हात काढला की पाटी कोनाड्यात ठेवून पुढे गोणपाटाचा पडदा सोडायचा. दाणापाणी पडद्याखालून सरकवायचे, आणि पिलांची चिवचिव ऐकू येईपर्यंत पडदा उचलायचा नाही.

सलोमीने हात ठेवला आणि प्रार्थना केली. सुंदर केली. आकाश निर्माण करणाऱ्यापासून सुरुवात करून ती खुराड्याच्या मोडक्या दारापर्यंत आली. कवडीला तेवढ्यात दोनदा डुलकी लागली.

"आता हात काढ, मुली," पाळकबाई म्हणाल्या.

सलोमीचा हात तिथेच.

"सलोमी, हात."

"काढते हो, बाई. पण हात काढून घेतला म्हणजे वाऱ्यावर सोडल्यासारखे नाही का होत?"

"तुझा हात निघाल्याशिवाय त्याचा हात कुठे बसायचा? एवढ्याशा कोंबडीच्या पाठीवर दोघांचे हात मावत नाहीत."

सलोमी ओशाळली. तिने हात काढला. पडदा सोडला. पाळकबाई आणि रिबका आपापल्या घरी गेल्या, आणि कवडीने समाधानाने डोळे मिटले.

ते समाधान दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढेही टिकले नाही. पडदा वर झाला. एक हात आत आला, कवडीला बगलेखाली धरून त्याने उचलले, आणि दुसऱ्या हाताने अंडी एकेक करून बाहेर काढली.

"काय चालवले आहेस?" कवडीने विचारले.

"पाहते गं नुसती. नीट आहेत ना."

"आत्ताच तर ठेवलीस! एवढ्यात त्यांना काय होणार होते? पाय फुटून पळणार होती?"

"तू आपली बस, कवडे. तुला आईची काळजी काय समजणार?"

मुलांनो, हे ती एका कोंबडीला सांगत होती. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला.

सलोमीने अंडी घाईघाईने परत ठेवली. पाटी जुनी होती, आणि तिचा तळ एका बाजूला खचला होता. त्या खळग्यात एक अंडे घसरले आणि भुशात अगदी खाली जाऊन बसले. सलोमीला ते दिसले नाही. कवडीच्या पायाच्या बोटांना मात्र कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. सलोमीने कोनाड्यासमोर गुडघे टेकले, डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू, माझा सगळा भरवसा तुझ्यावर आहे. मी हे तुझ्या हाती सोपवले आहे." आणि 'आमेन' तोंडातून पुरते बाहेर पडण्याआधीच तिचा हात पडद्याखाली शिरला.

कवडीने चोच मारली.

"आई गं! मेली किती तापट आहे! प्रभू, हिचा स्वभाव निवळू दे."

"माझ्या स्वभावाचे मागाहून पाहू," कवडी म्हणाली. "आधी हात काढ. तुझ्या प्रार्थनेच्या वेळी मला पोट घट्ट धरून बसावे लागते, ठाऊक आहे? देवाचे नाव कानावर आले की माझ्या अंगावर काटा येतो. कारण त्यानंतर तू येतेस!"

पण सलोमी मोजत होती. मोजून झाल्यावर तिने पुन्हा मोजले. एक अंडे कमी होते.

"रिबका!" ती ओरडली.

रिबका हातातले पीठ झटकत धावत आली. "काय झाले, वहिनी?"

"एक अंडे कमी आहे. काल तू गेल्यावर इथे कोणी आले नाही. पडद्यामागे अंडी आहेत, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक?"

रिबकाला पहिल्यांदा समजलेच नाही. समजले तेव्हा तिचे तोंड लाल झाले. "वहिनी, पदरभर अंडी मी आणून दिली आणि त्यातले एक चोरायला परत आले? चोरायचेच होते तर घरून निघतानाच एक ठेवून आले नसते का?"

"दिल्यावर लोकांना वाईट वाटते मागून. होते असे."

"तिने नाही नेले!" कवडी पाटीतून ओरडली.

"तू गप्प बस!" सलोमी म्हणाली. "मग कुठे गेले? सांग, कुठे गेले?"

कवडीने चोच उघडली आणि मिटली. तळाशी आहे असे सांगावे, तर हा हात तळापर्यंत जाणार होता. जन्मात पहिल्यांदाच ती उत्तर ठाऊक असून गप्प राहिली, आणि ते तिला फार जड गेले.

"असू दे, वहिनी," रिबका म्हणाली. "पिले झाली की मोजा. कमी भरली तर माझ्याच नावावर मांडा." ती निघून गेली. त्यानंतर तिने सलोमीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नाही. प्रार्थनामंदिरातही ती सलोमीची चटई सोडून दुसऱ्या चटईवर बसू लागली.

आता सलोमीच्या हाताला धरबंध राहिला नाही. सकाळी ती अंडी कानाशी नेऊन हलवून पाही, आत जीव वाजतो का म्हणून. दुपारी ती उन्हापुढे धरून पाही. एका अंड्यावर डाग दिसला, तर तिने सगळी अंडी कोमट पाण्याने स्वच्छ धुतली. कवडी पाटीच्या काठावर चढून पंख फडफडवू लागली.

"अगं, जीव का गहू आहे तो, धुऊन वाळत घालायला?"

"स्वच्छता ही देवाला प्रिय असते, कवडे."

"शहाणपणही प्रिय असावे! विचारून पाहा कधी!"

प्रत्येक वेळी सलोमी अंडी परत ठेवी, आणि प्रत्येक वेळी कवडी त्या गार पडलेल्या अंड्यांवर पुन्हा बसे, पिसे पसरी, आणि जेवढी ऊब अंगात असेल तेवढी देई. तळच्या अंड्याला ती नखाने हळूच फिरवी. ते तेवढे एकच भुशात ऊब धरून होते. त्याच्याविषयी मात्र सलोमीने आशा सोडली होती. तिच्या लेखी ते रिबकाच्या घरी कधीच शिजून गेले होते.

पाळकबाई रस्त्यात भेटल्या. "काय सलोमी, हात काढलास ना?"

"काढला की, बाई! सगळे प्रभूवर सोपवून मी अगदी निश्चिंत आहे."

ती घरी आली आणि तडक कोनाड्याकडे गेली.

पुढे एक दिवस असा आला की ओढ्यापलीकडच्या सगळ्या बसवलेल्या कोंबड्यांखाली चिवचिव सुरू झाली. सलोमीच्या कोनाड्यात आवाज नव्हता. तिने पडदा वर केला. वाट पाहिली, म्हणजे तिच्या हिशेबाने पाहिली. मग तिला वाटले, बिचाऱ्या पिलाला बाहेर येता येत नसेल, आपण मदत करावी. कवडी अंगावर धावून गेली, पण सलोमीने अंडे नखाने फोडलेच.

घाण सुटली. दुसरे अंडे तसेच. तिसरेही तसेच. वर ठेवलेल्यांपैकी एकही अंडे जिवंत नव्हते.

सलोमी जमिनीवर बसली. आता अंगणात एक पिलू नाही, पुढच्या हिवाळ्यात चुलीवर काय ठेवायचे याचा पत्ता नाही. रडत रडत तिने तोंड आकाशाकडे केले. "हे काय केलेस, प्रभू? मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता! मी सगळे तुझ्या हाती दिले होते!"

"कधी?" कवडीने विचारले.

सलोमी रडता रडता थांबली.

"कधी दिलेस, तेवढे सांग," कवडी म्हणाली. तिच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. "मी सारा वेळ इथेच बसले होते. देताना मी तुला पुष्कळदा ऐकले. पण अंडी सुटलेली मला एकदाही दिसली नाहीत. सोपवले म्हणायचीस, आणि उचलून पाहायचीस. त्या बिचाऱ्या देवाला तू कोनाड्यापाशी उभे केलेस, आणि एकदाही हात पुढे करायला जागा दिली नाहीस. आता त्यालाच विचारतेस?"

सलोमीने उठून पाटी उकिरड्यावर टाकण्यासाठी उचलली. उचलताच तळाशी काहीतरी टकटकले. मग अगदी बारीक, अगदी हट्टी असा आवाज आला: चिव.

सलोमीने पाटी खाली ठेवली आणि तिचा हात सवयीने भुशात शिरू लागला.

"हात!" कवडी ओरडली.

आणि मुलांनो, त्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तिचा हात अधांतरी थांबला. तो पुढे जाऊ पाहत होता. तिने तो ओढून घेतला, पदरात गुंडाळला आणि पदर मांडीखाली दाबून त्यावर बसली. कवडी पाटीत चढली, पिसे पसरून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. टकटक थांबे, पुन्हा सुरू होई. ती थांबली की सलोमी ओठ चावी. सावल्या अंगणाच्या पार पलीकडे गेल्या, तेव्हा कवडीच्या पंखाखालून एक ओले, विस्कटलेले डोके बाहेर आले आणि त्याने जगाकडे नाराजीने पाहिले.

"माझ्यावर गेले आहे," कवडी म्हणाली.

सलोमीने फुटलेले कवच उचलले. ज्याला तिने चोरीस गेलेले समजले होते, ज्याच्यावरून तिचा हात नाइलाजाने निघाला होता, तेच हे अंडे होते. ते कवच घेऊन ती रिबकाच्या दारात गेली. रिबका भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"रिबका, अंडे सापडले. तळाशी होते. माझ्याच पाटीत."

"बरे झाले. म्हणजे माझ्या घरी शिजले नाही तर."

"मी तोंडाला येईल ते बोलले, गं. मला क्षमा कर."

रिबकाने भाकरी तव्यावर टाकली आणि कडा दाबत राहिली. भाकरी फुगली, मग ती म्हणाली, "आणि बाकीची?"

"एकही नाही."

रिबकाने तेव्हा वर पाहिले. ती म्हणाली, "बसा. जेवून जा." पण त्या संध्याकाळी ती हसली नाही, आणि पुन्हा एका चटईवर बसायला तिने पुष्कळ दिवस घेतले.

तो हिवाळा सलोमीला फार कठीण गेला. जिथे पिलांनी खुराडे भरून जायचे होते, तिथे एकटे पिलू आईच्या मागे हिंडत होते.

पुढे कवडी पुन्हा खुडूक झाली. रिबका पदरात अंडी घेऊन आली आणि म्हणाली, "मोजून घ्या हं, वहिनी. मागून तक्रार नको."

"नाही मोजत," सलोमी म्हणाली.

तिने कवडीच्या पाठीवर हात ठेवला. "प्रभू, हे तुझ्या हाती," एवढेच ती म्हणाली. पाळकबाईंनी तोंड उघडण्याआधीच तिने हात काढला होता. पडदा सोडून झाल्यावर त्या रिकाम्या हातांचे काय करावे ते तिला कळेना. तेव्हा ती रिबकाच्या घरी गेली आणि तिच्या जात्यावर दळायला बसली.

पडद्याआड अंधार होता, ऊब होती आणि कोणाचीही बोटे नव्हती. कवडीने एकदा कानोसा घेतला. मग अंड्यांवर नीट बसून, कोणाला ऐकू जावे अशी अपेक्षा न ठेवता, ती म्हणाली, "आमेन."

तात्पर्य: देवाच्या हाती दिले म्हणून सांगायचे असेल, तर आधी त्यावरचा आपला हात काढावा.