भिवरेचा भुंग्या आणि डोंगरावरची देवी

एक होती पाथरवटीण. तिचं नाव भिवरा. दगडातून देव घडवायचे, हा तिच्या घरचा धंदा. तिच्याकडे एक रेडा होता, काळा कुळकुळीत, म्हणून त्याचं नाव भुंग्या.

एकदा काय झालं, राजानं डोंगरावर देवीचं देऊळ बांधायला काढलं. दगड सगळा खालच्या खाणीतला. तो वर कोण नेणार? भुंग्या. आधी जोत्याचे दगड ओढले, मग खांबांचे, मग शिखराचे. मान सोलवटली बिचाऱ्याची, बरं का, पण गडी कधी अडून बसला नाही.

मग भिवरेनं गाभाऱ्यात मूर्ती घडवली. देवीला आठ हात. एकात त्रिशूळ, एकात चक्र, एकात शंख. शेजारी सिंह. राहिला फक्त पायाखालचा महिषासुर, म्हणजे रेड्याचं रूप घेतलेला राक्षस. राजानं सांगितलं, रेड्याची मान कापलेली दाखव, आणि लवकर आटप, नवरात्र तोंडावर आलंय.

भिवरेनं छिन्नी उचलली, तर दगडात तिला भुंग्याचे डोळे दिसले. तिनं छिन्नी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी शेपटीकडून सुरुवात केली, तर मानेपाशी हात थांबला. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून घाव घातला, तो स्वतःच्याच बोटावर बसला.

मग ती देवीच्या पायाशी बसून रडली. म्हणाली, "आई, ज्यानं तुझं घर वाहून आणलं, त्याच्यावर घाव कसा घालू?"

दगडाचे ओठ हलले. देवी म्हणाली, "माझं भांडण रेड्याशी नव्हतं गं. त्याच्या आत जो राक्षस दडून बसला होता, त्याच्याशी होतं. त्याला बाहेर काढ."

मग काय, भिवरेचा हात झरझर चालला. रेड्याच्या तोंडातून राक्षस बाहेर पडतोय, त्रिशूळाचं टोक राक्षसाच्या छातीवर, आणि देवीचा एक हात रेड्याच्या पाठीवर.

राजा आला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. भिवरेनं देवीचं बोलणं सांगितलं, पण त्याला काही ते पटेना. तेवढ्यात फुस्स करून दगडी रेड्यानं श्वास सोडला. समोरची जास्वंदीची फुलं उडाली ती थेट राजाच्या पागोट्यावर. राजानं भीत भीत मूर्तीतल्या रेड्याला हात लावला. अंग कोमट होतं.

मग राजा बाहेर आला. त्यानं आपल्या हातानं भुंग्याच्या मानेला तेल-हळद लावली आणि सांगितलं, आजपासून याला कुणी जुंपायचं नाही.

तेव्हापासून भुंग्या देवळाच्या तळ्यात डुंबायला लागला. पुजारी काठावरून रोज विनवायचा, बाबा रे, पूजेचं पाणी गढूळ होतंय, ये की वर. तो नुसते कान हलवायचा. भुंग्या सुखी, भिवरा सुखी, राजाही सुखी. पुजाऱ्यालासुद्धा हळूहळू सवय झाली. चला, आता पांघरूण गळ्यापर्यंत घ्या आणि मिटा बघू डोळे.