झिलूने मोटर चालू केली

खाडीच्या काठी खारवण नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा होडीवाला होता. त्याचं नाव झिलू. भोळा म्हणजे असा भोळा, की सांगितलेलं कधी विसरत नसे. विसरला असता तर गावावर उपकार झाले असते.

आम्ही खारवणकर त्याला हसायचो, आणि झिलू आमच्याहून मोठ्याने हसायचा. "माझ्या टाळक्यात वारो जास्त, तेल कमी," असं तोच सांगायचा. त्यामुळे त्याला चिडवण्यातही काही मजा राहिली नव्हती.

तर या झिलूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी गावातलीच, शेवंती. तिला झिलू मनापासून आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. झिलूचा तर तिच्यावर जीवच होता. पण तिचा बाप पुनाजी तांडेल चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस. झिलूच्या होडीची जुनी मोटर पावसाळाभर पडून होती. पुनाजीने अट घातली.

"नारळी पुनवेक ती मोटर तुझ्या हातान चालू कर आणि माका खाडीत फिरवून आण. मेस्त्रीन हात लावूचो नाय. भर दर्यात मोटर बंद पडली तर मेस्त्री खंयसून आणतलंस? चालू झाली तर माझा चेडू शेवंती तुझा. नाय झाली तर चेडू माझ्या घरात."

झिलूला जेवण गोड लागेना. तो उठला आणि मोटरी दुरुस्त करणाऱ्या पास्कू मेस्त्रींच्या घरी गेला. पास्कू मेस्त्री शेवाळावरून घसरून पाय मोडून घेतलेले, प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून पडवीत बसलेले. त्यांना मोटरीला हात लावता येत नव्हता, पण तोंड शाबूत होतं.

"मेस्त्रीनू, दोरी ओढली की मोटर खोकता आणि मरता."

"कार्बोरेटर कोंदलो असतलो. जुना पेट्रोल आत सुकून चिकट झाला. खोल, साफ कर, परत बसव."

झिलूने होडीशी जाऊन कार्बोरेटर खोलला. तिथेच, रेतीत. स्क्रू रेतीत गेले, त्यांच्यामागून भरती आली, आणि झिलू ओंजळीत उरलंसुरलं घेऊन परत आला.

मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. "मेल्या, रेतीत कोण खोलता? काय पण खोलूचा झाला तर आधी खाली धुतलेलो कपडो अंथर. जा काय भायर येयत ता एका ओळीन मांड. धू, पूस, आणि उलट्या ओळीन सगळा परत आत घाल. एकव वस्तू भायर रवता नये!"

"चूक माझीच," झिलू म्हणाला. "आता ध्यानात ठेवलंय."

मेस्त्रींनी डब्यातले जुने स्क्रू दिले. ते खिशात वाजवत झिलू घरी आला, तर आईने त्याच्या हातात ताजी फडफडीत तांबोशी मासळी दिली. शेवंतीची आई जेवायला यायची होती.

"झिला, ही तेवडी साफ करून दी."

झिलूने आईचं धुतलेलं लुगडं अंगणात अंथरलं. तांबोशीचं पोट फाडलं. आतड्यांपासून कल्ल्यांपर्यंत जे जे बाहेर आलं ते एका ओळीत मांडलं. प्रत्येक वस्तू धुतली, पुसली. मग उलट्या ओळीने सगळं परत आत घातलं, आणि पोटाला सुतळी बांधून मासा आईपुढे ठेवला. खवलं काही केल्या चिकटेनात, त्याचं त्याला वाईट वाटलं.

"आये, आतला कायव भायर रवूक नाय."

आईने सुतळी सोडली. मग लुगडं पाहिलं. मग झिलूला. "मेल्या, पोटातली ती घाण! ती काढून फेकूची असता! आणि मग वरसून मीठ-हळद चोळूची! तुका कोण चेडू देतलो रे?"

शेवंतीच्या आईला त्या दिवशी डाळभात मिळाला.

"चूक माझीच," झिलू म्हणाला. "आता ध्यानात ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी झिलू पुन्हा मोटरीपाशी बसला. कपडा अंथरला. कार्बोरेटरचं पोट उघडलं. आत एक तरंगणारा गोळा, एक सुई, एक इवलासा पितळी जेट. 'हीच ती घाण,' झिलूच्या मनात आलं, 'आणि मी मूर्ख, काल सगळं परत आत घालायला निघालो होतो!' स्वतःला चार शिव्या देऊन त्याने सगळं खाडीत फेकलं. मग कार्बोरेटरला आतून-बाहेरून मीठ-हळद चोळली, आणि हात सैल सोडून कोकमही लावलं.

पास्कू मेस्त्रींनी कार्बोरेटर हातात घेतला. वास घेतला.

"तिरफळां घालूक विसरलंस?"

"आये तिरफळां सांगूक नाय," झिलू प्रामाणिकपणे म्हणाला.

मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "पोटातला फेकलंस? अरे, तोच तर तिचो जीव!" मेस्त्री चांगले होते म्हणून, की घराबाहेर जाता येत नव्हतं म्हणून, कोण जाणे, त्यांनी एका भंगार मोटरीच्या पोटातला जीव काढून झिलूला दिला. जेट उजेडाकडे धरून दाखवला.

"ह्या भोक बघ. ह्या कचऱ्यान बुजता आणि मोटर मरता. म्हणान जितकी भोकां दिसतली तितकी मोकळी कर. फुंक मार. पलीकडचा दिसूक व्हया. एकव भोक बुजलेला रवला तर मोटर चलाची नाय."

"सगळी भोकां?"

"सगळी!"

"ध्यानात ठेवलंय."

आणि या वेळी झिलूने खरंच कमाल केली. कपडा अंथरला, सगळं ओळीने मांडलं, भोकं फुंकली, पोटातलं पोटात ठेवलं, कार्बोरेटर जिथल्या तिथे बसवला. पाना खाली ठेवून तो समाधानाने होडीत मागे रेलला, तर होडीच्या तळाला त्याला आणखी एक भोक दिसलं. चांगलं अंगठ्याएवढं, आणि त्यात लाकडी बूच ठोकलेलं! झिलूच्या अंगावर काटा आला. एवढी मेहनत केली आणि हे भोक बुजलेलंच राहिलं असतं! त्याने बूच उपटलं. फुंक मारली. वाकून पाहिलं. पलीकडची रेती स्वच्छ दिसत होती. त्याने बूच खाडीत भिरकावलं आणि तळावर फळ्या अंथरून तो शीळ घालत घरी गेला.

नारळी पौर्णिमेला सगळं खारवण किनाऱ्यावर जमलं. बायका हातात नारळ घेऊन, पोरं एकमेकांच्या अंगावर. पास्कू मेस्त्रींना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. शेवंती नवी साडी नेसून आईच्या मागे उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुनाजी पांढरंशुभ्र धोतर नेसून होडीत पुढे बसला. चार जणांनी होडी पाण्यात ढकलली.

झिलूने दोरी ओढली. मोटर खोकली आणि गप्प झाली. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. पुनाजीने शेवंतीकडे पाहून मान हलवली. शेवंतीने डोळे मिटले.

"मेस्त्रीनू!" झिलू रडवेला झाला.

"मी हात लावणंय नाय," मेस्त्री खुर्चीतून ओरडले, "पण आयक! ती थंड असा. थंड असली की तिका हवा नको. तिच्या तोंडार हात दाबून धर, फुगो दाब, आणि दोरी जोरान ओढ! खोकली की हात काढ!"

झिलूने मोटरीच्या तोंडावर तळहात दाबला, पेट्रोलचा रबरी फुगा दाबला आणि जीव खाऊन दोरी ओढली. मोटर अशी सुरू झाली की बगळे उडाले. किनाऱ्यावर एकच आरडाओरडा झाला. पुनाजी तांडेल गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसला.

"शाबास रे जावया!" तो म्हणाला.

होडी झोकात निघाली. थोडं अंतर गेल्यावर पुनाजीने खाली पाहिलं.

"झिलू, माझे पाय ओले कित्याक?"

"तळाचा भोक मोकळा केलंय, तांडेलानू," झिलू अभिमानाने म्हणाला. "बुजलेला होता."

पुढचं बोलणं पाण्याखाली झालं. मोटर मात्र शेवटपर्यंत उत्तम चालली.

मागून आलेल्या होड्यांनी दोघांना बाहेर काढलं. पुनाजीचं धोतर खाडीने ठेवून घेतलं होतं. कोणीतरी त्याच्या लंगोटीवर पंचा गुंडाळला आणि त्याला रेतीत निजवलं. म्हातारा कुडकुडत होता, दात वाजत होते.

"तांडेल थंड पडलो गे!" एक बाई ओरडली.

झिलू तिथेच भिजून उभा होता. आपणच शेवंतीच्या बापाला बुडवलं म्हणून त्याला रडू येत होतं. ते शब्द ऐकले मात्र, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर नेमका उपाय त्याला ठाऊक होता!

तो धावला. पुनाजीच्या नाकातोंडावर त्याने तळहात गच्च दाबला. फुगा शोधला, पोट सापडलं, ते तीनदा दाबलं. दोरी शोधली, पंचाच्या गाठीचं टोक लोंबत होतं, ते जोराने ओढलं.

पुनाजी खोकला.

झिलूने हात काढला आणि पुन्हा ओढलं. पंचा झिलूच्या हातात आला, आणि पुनाजी तांडेल जो गर्जना करून उठला, तो लंगोटीवरच झिलूच्या मागे धावत सुटला. नारळांची टोपली उधळली, बायका बाजूला झाल्या, आम्ही पोट धरून रेतीत लोळलो.

"चेडू देवचंय नाय! मेलंय तरी देवचंय नाय!"

"बाबांनू, जरा हळू!" शेवंती हसता हसता मागून ओरडली. "घोव असा तो माझो!"

तिने झिलूला नवरा म्हटलेलं सगळ्या गावाने ऐकलं, म्हणजे लग्न ठरलंच. ते फक्त झिलूने ऐकलं नाही. तो पंचा फडकवत किनाऱ्याने जीव घेऊन पळत होता आणि खुर्चीकडे बघून ओरडत होता:

"मेस्त्रीनू, तांडेल दुसऱ्या ओढीक चालू झाले! आता बंद कसे करूचे, ता सांगा!"