दोन्ही वाटांवरचा पोपट

फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर डोंगरांना नावं पडायच्या आधीची. तेव्हा एका गावात एक म्हातारा कासार राहायचा. उभा जन्म बांगड्या विकत गावोगाव हिंडला, पायाला नुसती भिंगरी! पण म्हातारपणी गुडघेदुखी कुणाला चुकलीय? शेवटी बसला घरी.

शेजारच्या कुंभाराला आठ वर्षांची लेक होती. तापात तिचे पाय गेले, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली. आई उन्हात ठेवील तिथं बसायचं, आत नेईल तिथं निजायचं. म्हाताऱ्याचा तिच्यावर भारी जीव. रोज दुपारी तो सुपात वाळू पसरायचा, बोटानं वाटा काढायचा आणि तिच्या हाती एक चिंचोका द्यायचा.

"ही तू. निघालीस भटकायला. उजवीकडं रान, डावीकडं नदी. बोल बयो, कुठं जायचं?"

पोर डोळे मिटून विचार करायची, चिंचोका सरकवायची, आणि काय सांगू, वाटेच्या टोकाला सोन्याचा पोपट भेटायचा! ती टाळ्या पिटायची. म्हाताऱ्याला वाटायचं, भरून पावलो.

एके दिवशी ती म्हणाली, "आजोबा, काल मी रानातून गेले. आज पुन्हा त्याच जागेवरून निघते, पण नदीच्या वाटेनं."

आली का पंचाईत! म्हाताऱ्याकडं गोष्ट एकच होती. त्यानं तोच पोपट नदीकाठच्या उंबरावर नेऊन बसवला.

पोरीचा चेहरा उतरला. "कुठूनही गेले तरी पोपटच?"

"तुला आवडतो ना गं?"

"आवडतो. पण मग मला विचारता कशाला? आईपण विचारते, काय खाशील म्हणून, आणि भाकरी तर थापून झालेली असते."

चिंचोका सुपात टाकून तिनं भिंतीकडं तोंड केलं. तीन दिवस ते तोंड काही वळलं नाही.

म्हाताऱ्याला घास गोड लागेना. लेकरू आपल्या मनानं चालत होतं अशी एवढीच एक जागा होती, आणि लाडापायी ती आपणच हिरावून घेतली, या विचारानं त्याला रडू आलं.

चौथ्या दिवशी तो सूप घेऊन आला. म्हणाला, "एकदाच खेळ. या खेपेला शेवट मलाही ठाऊक नाही."

पोरीनं मान वळवली.

"नदीला पूर आलाय. वरच्या अंगाला बेटावर चार माणसं अडकलीत. खालच्या अंगाला हत्तीचं पिल्लू गाळात रुतलंय. तुझ्याकडं होडी एक. एकाच ठिकाणी पोचशील."

पोरीनं खोदखोदून विचारलं. माणसांत लहान कोण? पिल्लू किती रुतलंय? अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा कुठं तिनं चिंचोका बेटाकडं सरकवला.

चारही माणसं वाचली. पिल्लू गेलं.

पोर हमसून हमसून रडायला लागली. आई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच म्हाताऱ्यावर डोळे वटारले. म्हाताऱ्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो घाईनं म्हणाला, "अगं थांब, थांब! पिल्लू वाचलं बरं का, कुणीतरी आलं आणि..."

"नाही आजोबा!" तिनं त्याचा हात धरला. "तसं नका करू. पिल्लू आपोआप वाचणार असेल, तर ती माणसंही आपोआपच वाचली असती. मग मी कशाला गेले?"

म्हातारा एवढं जग हिंडला, पण असं त्याला कुणी सुनावलं नव्हतं.

मग पोरीनं डोळे पुसले. म्हणाली, "उद्या मला परत त्याच नदीवर न्या. पिल्लाची आई तिथं एकटी उभी असेल. तिच्यापाशी जाऊन काय करायचं, ते मी रात्रभर विचार करून ठरवते."

त्या रात्री कितीतरी महिन्यांनी त्या लेकराला उद्याची ओढ लागली.

तात्पर्य: निवडायला सांगायचं, तर निवडीचं फळही ज्याचं त्याच्या पदरात पडू द्यावं.