क्रियापद येईपर्यंत

वेंगुर्ल्याच्या डच वखारीत नागेश शेणवी नावाचे दुभाषी होते. मिऱ्यांचा सौदा करायला आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांना ते डच भाषा शिकवत. त्या व्यापाऱ्यांचा म्होरक्या कॅप्टन बार्लो मोठा तोऱ्याचा माणूस.

"सहायक क्रियापद दुसऱ्या जागी आणि मुख्य क्रियापद पार वाक्याच्या टोकाला? आमच्या इंग्रजीत दोन्ही शेजारी असतात!" तो एकदा भर वर्गात गरजला. "या उलट्या रचनेचा एक तरी उपयोग दाखवा. नाहीतर उद्यापासून तुमची शिकवणी बंद!"

शेणवींची चूल त्या शिकवणीवरच पेटत होती. तरी ते शांतपणे उठले आणि सावकाश डचमध्ये बोलू लागले, "वखारीचे प्रमुख इच्छितात कॅप्टनसाहेबांना उद्या सकाळी, भर दरवाजात, सगळ्यांच्या देखत..."

आणि ते थांबले.

कॅप्टनचा चेहरा उतरला. "काय? पकडायला? फटकवायला? अहो, क्रियापद सांगा!"

शेणवींनी तांब्या उचलला आणि ते निवांत पाणी प्यायले. कॅप्टन खुर्चीच्या अगदी कडेवर आला.

"...गौरवायला," शेणवी म्हणाले. "साहेब, आजवर तुम्ही माझं एकही वाक्य पुरतं ऐकलं नव्हतं. हे ऐकलंत. हाच त्या रचनेचा उपयोग."

व्यापारी खो खो हसले. कपाळावरचा घाम पुसून कॅप्टन उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाला, "मी इच्छितो तुमच्याकडून उद्यापासून..."

आता शेणवींचा श्वास अडकला.

"...रोज दुप्पट वेळ शिकायला!"